उभ्या माणसाचें माप

गेल्या वर्षीं आश्विनांत आमच्या सासूबाई न्हाणीघरांत घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया होऊन त्या घरीं आल्या, तेव्हां रात्रीं त्यांच्या खोलींत निजण्याचें काम मीं आपण होऊन मागून घेतलें. रात्रींतून तीन वेळां, कधीं चार वेळां हांक येई. अशा वेळीं अंगावरचा पायघोळ गाऊन किती वैरी होतो, हें ज्यांनीं आजाऱ्याची शुश्रूषा केली आहे त्यांनाच ठाऊक. एके रात्रीं त्यांना उठवून बसवितांना माझाच पाय त्या घेरांत अडकला आणि आम्ही दोघीही पडतां पडतां वांचलों. सकाळीं उजाडतांच मीं ठरविलें कीं, या कामापुरता एक निराळा पोशाख शिवायचा.

विलायतेंतील जुन्या शिवणकामाविषयीं वाचण्याचा मला नाद आहे; त्यांतून ‘सायरन सूट’ आठवला. सप्टेंबर १९४० पासून मे १९४१ पर्यंत जर्मन विमानांनीं लंडनवर व इतर शहरांवर रात्रीं-बेरात्रीं बॉम्ब टाकले. धोक्याचा भोंगा वाजला कीं, निजण्याच्या कपड्यांवरूनच हा सदरा आणि विजार एकत्र असलेला पोशाख चढवायचा, पुढचीं बटनें लावायचीं आणि मुलाबाळांसह आसऱ्याच्या जागीं धांवायचें, अशी त्याची योजना. चर्चिलसाहेबांनीं आपल्यासाठीं मखमलीचेही असे सूट शिवून घेतले होते. १ जून १९४१ पासून तेथें कपड्यांवर नियंत्रण आलें व पहिल्या वर्षासाठीं माणशीं ६६ कुपनें ठरलीं. त्यामुळें जुनीं ब्लँकेटेंसुद्धां अशा शिवणकामास उपयोगीं पडलीं. मला वाटलें, भोंगा काय आणि हांक काय, अंथरुणांतून उठून तत्काळ उभें राहायचें हें दोन्हीकडे सारखेंच.

त्या वेळचा कागदी नमुना माझ्यापाशीं नव्हता. पण माझ्या नेहमींच्या सदऱ्याचा एक आणि पायजम्याचा एक, असे दोन बेतलेले कागद होते. सदऱ्याचा कागद कमरेशीं दुमडला, पायजम्याचा कमरेपासून खालीं घेतला, दोहोंच्या मध्यरेषा एका ओळींत आणल्या आणि माझ्या मतें नमुना सिद्ध झाला. खांद्यापासून निघून, पुढून दोन पायांमधून पाठीवर जाऊन पुन्हां त्याच खांद्याला मिळणारें माप ५८ इंच भरलें. त्यांत दीड इंच सैलपणा धरला. सासूबाईंनीं दिवाळीसाठीं म्हणून घेऊन ठेवलेलें हातमागाचें निळें सुती कापड होतें. “तेंच घे, माझ्यासाठींच तर शिवतेस,” असें त्या म्हणाल्या आणि मीं निःशंकपणें कात्री चालविली.

आरशापुढें उभी राहिलें तेव्हां माझें मलाच कौतुक वाटलें. जाऊबाई म्हणाल्या, “अगदीं चित्रांतल्यासारखा बसला आहे!” त्याच रात्रीं दोनच्या सुमारास हांक आली. सासूबाईंच्या पाठीखालीं हात घालून त्यांना उचलण्यासाठीं मी वाकलें, आणि मागची शिवण कमरेपासून मांडीपर्यंत टरकन् उसवली. शिवणीलगतचें कापडही फाटलें. त्यांचा सारा भार माझ्या हातांवर होता. सोडतां येईना, सरळ होतां येईना. दांत आवळून त्यांना हळूच उशीला टेकविलें आणि मग मात्र मला रडूं कोसळलें. कापड गेलें याचें नव्हे. त्या दचक्यानें हात सुटला असता तर काय झालें असतें, याचें.

सासूबाई कांहीं वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अगं, तूं उभ्या माणसाचें माप घेतलेंस. उभ्या माणसाला कपडा कशाला लागतो? वाकणाऱ्याचें माप घे.”

त्यांनीं आयुष्यभर घरादाराचें शिवण केलें आहे. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं पलंगावर पडल्या पडल्या मला समोर मांडी घालून बसविलें, पुढें वाकविलें आणि जाऊबाईंकरवीं तेंच माप घेवविलें. तें ६१॥ इंच भरलें! सदरा आणि पायजमा वेगळे असतात तेव्हां वाकतांना सदरा वर सरकतो, पायजमा खालीं ओढला जातो, आणि ही तफावत कमरेशीं कोणास न कळत भरून निघते. दोन्ही एकत्र शिवले कीं ती वाट बंद होते. “माझ्या सासूबाई नऊवारी नेसून जात्यावर बसत, विहिरीवर वाकत,” त्या म्हणाल्या, “त्या लुगड्याला दोन पाय होते, पण शिवण एकही नव्हती. बसण्यापुरता सैलपणा नेसतांनाच सोडायचा असे.”

एकदां कापलेलें कापड लांब होत नाहीं. म्हणून त्यांच्या सांगण्यावरून मीं कमरेची शिवण उसवून तयार दीड इंच रुंदीची पट्टी सभोंवार घातली. पुढून दीड व मागून दीड, मिळून तीन इंच वाढले. पायांच्या मध्यें, जेथें चार शिवणी एकत्र येतात तेथें, पतंगाच्या आकाराचा उरेब जोड दिला. मागच्या बाजूस पट्टीवर बटनें लावून तेवढा भाग सुटा केला, म्हणजे न्हाणीघरांत जातांना सगळा पोशाख खांद्यांवरून उतरवावा लागत नाहीं. आतां उभी राहिलें कीं कमरेवर कापडाचा फुगा येतो. पूर्वीं जुन्या छायाचित्रांतील ते सूट मला गबाळे वाटत. आतां कळतें कीं, त्या गबाळेपणांतच मूल उचलून धांवण्याची सोय होती.

ज्या भगिनींना असा पोशाख शिवावयाचा असेल त्यांनीं चांगल्या कापडाला हात लावण्यापूर्वीं तो एकदां मांजरपाटाचा, लांब टांक्यांनीं शिवून पाहावा. तो घालून आरशापुढें उभें राहूं नये. पाटावर मांडी घालावी, उकिडवें बसावें, जमिनीवरचा तांब्या उचलावा, फळीवरचा डबा काढावा. त्यांत कोठेंही ओढ बसली नाहीं, तरच कात्री घ्यावी.

सासूबाई आतां काठीच्या आधारानें घरांत हिंडतात. मांडी मात्र त्यांना पुन्हां घालतां येणार नाहीं. रात्रींची हांकही क्वचितच येते. मीं तो निळा पोशाख धुऊन माझ्या कपाटांत ठेवला होता. परवां त्यांनीं तो मागून घेतला आणि आपल्या खोलींतल्या खुंटीवर टांगायला लावला. म्हणाल्या, “तेथेंच राहूं दे. दिसला कीं झोंप लागते.”