आडवा हजेरीपट

मास्तर निवृत्त होतो, पण त्याच्या डोक्यातला हजेरीपट काही निवृत्त होत नाही. १ जानेवारी २०२५ पासून हिची साखर रोज घरी तपासायची असं ठरलं. मी लगेच संगणकावर एमएस ॲक्सेसमध्ये टेबल आखलं, तेही थेट वर्गातल्यासारखं. डावीकडे 'उपाशीपोटी' आणि 'जेवणानंतर' ही दोन नावं, अन् पुढे आडव्या तारखा. दर दिवसाला एक रकाना, दर महिन्याला नवे रकाने.

सप्टेंबरचे रकाने आखताना ११ तारखेलाच जागा संपली. एका टेबलात २५५ फील्डच मावतात, हे तेव्हा कळलं. नावांचं एक आणि दिवसांची २५४. मग मी अख्खा जानेवारी पुसला आणि सेव्ह केलं. ३१ रकाने मोकळे झाले म्हणून खुशीत पुढच्या तारखा लिहिल्या, तर 'टू मेनी फील्ड्स डिफाइन्ड'! पुन्हा पुन्हा तेच.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, पुसलेली फील्डसुद्धा ॲक्सेस मोजत राहतं. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' केलंत की ती मोजणीतून जातील. पण मुळात तारखा आडव्या कशाला? तारीख, चाचणी आणि आकडा, एवढे तीनच रकाने ठेवा. रोज खाली ओळी वाढू द्या. फाइल २ जीबीची होईपर्यंत काळजी नाही."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, "फेब्रुवारीत गोळी बदलली होती. त्याआधीचे आकडे आहेत का?" मी गप्प. कॉम्पॅक्टने मोजणी सुधारली होती, पुसलेले आकडे थोडेच परत येणार? आणि फाइलची प्रत मी ठेवलीच नव्हती.

घरी आल्यावर हिने मुकाट्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. जानेवारीच्या चौकटींत, दुधाच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीने एकतीसही दिवसांचे आकडे!

"वीज गेली तर असावेत म्हणून," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी ती वाचत गेली आणि मी नव्या टेबलात एकाखाली एक उतरवत गेलो. पुसण्याआधी विचारावं, हे मुलांना शिकवण्यात हयात गेली. घरातल्या माणसाला विचारायचं मात्र राहिलं.

असो. आता दर रविवारी फाइलची प्रत पेनड्राइव्हवर ठेवतो. आणि वर्ष संपलं तरी ते कॅलेंडर मी रद्दीत जाऊ दिलेलं नाही.