पडदे अनेक, नोंदवही एक

पूर्वी संगणकाच्या प्रत्येक पडद्याची बोली निराळी असे. पाटीप्रमाणे पडदा पुसावयाचा, तर व्हीटी-१०० एक खूण मागे, एडीएम-३ए दुसरीच. १९७८ च्या सुमारास बर्कले विद्यापीठात बिल जॉय यांनी त्या सर्व खुणांची ‘टर्मकॅप’ ही नोंदवही सिद्ध केली. युनिक्सवरील लेखनाचा कार्यक्रम आधी पडद्याचे नाव पाही, नोंदवहीत त्याच्या खुणा शोधी, मगच लिही.

आपल्याकडे १९९१ च्या ‘इस्की’ प्रमाण-संकेताने मराठी व तेलुगू ‘क’ला १७९ हा एकच अंक दिला, लिपी मात्र ज्याची त्याची राहिली.

घरी मराठी, कचेरीत तेलुगू, गुड्यांत गोंडी अशा वांकिडी परिसरात शिकविणाऱ्या आम्हांस यातील मर्म सहज उमगते. मुलाची बोली आधी ओळखावी, मग धडा सांगावा. बोली पुसून दिलेली विद्या परकीच राहते.