डावीकडचा गुलाबी

मुखपृष्ठ मशीनवर चढलं होतं. मी चहा पीत उभा होतो, तेवढ्यात मशीनमन ओला कागद घेऊन आला. म्हणाला, "दादा, ही बाई डावीकडून आजारी दिसतेय."

२०११ सालचा दिवाळी अंक. हातात पणती घेतलेली बाई आणि मागे साधा राखाडी पडदा. पडद्याचा डावा हिस्सा हिरवट आणि बाईचा त्या बाजूचा गालही हिरवट. आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे मी आधी शाईवर ढकललं. त्याने वाद घातला नाही. कागदाच्या कडेला असलेल्या रंगपट्टीवर डेन्सिटोमीटर टेकवत तो डावीकडून उजवीकडे आकडे वाचत गेला. सगळे सारखे. म्हणजे हिरवं प्लेटमध्येच होतं, आणि प्लेट निघाली होती माझ्या फाइलवरून.

झालं होतं असं. आदल्या रात्री स्क्रीनवर मला पडद्याच्या डाव्या अंगाला गुलाबी झाक दिसली. ऑफसेटमध्ये राखाडी रंग शायांच्या तोलावर उभा असतो. सायन ५० टक्के असेल तर मॅजेंटा आणि पिवळा ४०-४०च्या आसपास लागतात. यातला मॅजेंटा चार टक्के ओढला तरी राखाडी हिरव्याकडे झुकतो. मी मास्क टाकला, हळुवार उतार दिला आणि डावीकडचा मॅजेंटा नेमका तेवढा ओढला. काम इतकं सफाईदार की सांधा कुठे दिसेना. गुलाबी गेला. फक्त तो चित्रात कधी नव्हताच, माझ्या मॉनिटरमध्ये होता. घाईत प्रूफ काढलं नाही, हा गुन्हा वेगळा.

आणि मॉनिटर कॅलिब्रेट केलेला होता बरं का. दर महिन्याला, अर्धा तास तापू देऊन, यंत्र लावून. पण ते यंत्र आपण टांगतो कुठे? स्क्रीनच्या मधोमध. ते ग्वाही देतं ती मधल्या वाटीएवढ्या जागेची. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा ते यंत्र सरकवत सरकवत पंचवीस ठिकाणी लावलं. मध्यावर १२० कँडेला, डाव्या खालच्या कोपऱ्यात ९७. उजेडाचं एक वेळ चालेल, पण रंगातला फरक, ज्याला आम्ही डेल्टा ई म्हणतो, तो डावीकडे पाचाच्या वर. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन रंगांत एकाच्या आसपासचा फरकही सरावलेल्या डोळ्याला कळतो. या 'ई'चा उगम जर्मन आहे. एम्पफिंडुंग, म्हणजे संवेदना. नेमकी तीच माझी पाच वर्षं झोपली होती.

ती का झोपते, ते समजायला घरातली भिंत बघावी. खिडकीलगतच्या भिंतीवर पडणारा उजेड कोपऱ्यातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो, तरी आपण भिंतीला पांढरीच म्हणतो. डोळा रंग मोजत नाही, कडा शोधतो. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये दाखवलं की उजेडाचा उतार जिथे अचानक बदलतो तिथे, प्रत्यक्षात नसलेले पट्टेही आपल्याला दिसतात. त्याच डोळ्यासमोर दीड हात रुंदीत एखादा रंग सावकाश बदलत नेला तर तो डोळा ढिम्म. कपाटावरचा रेषेएवढा डाग दिसेल, पण अख्खं कपाट कललेलं दिसणार नाही, तसं.

मॉनिटरला दोष देण्यातही फार अर्थ नाही. एलसीडीचा पडदा स्वतः उजळत नाही, त्याच्या मागे उजेड असतो. बहुतेक मॉनिटरांत कडेला एलईडींची ओळ आणि पाठीमागे अॅक्रिलिकचा एक पत्रा. पत्र्यावर बारीक ठिपके असतात, दिव्याजवळ विरळ आणि लांब दाट, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा सांडावा. त्यावर उजेड पसरवणारे पातळ थर, आणि मग काही मायक्रॉन जाडीचं द्रवस्फटिक. पांढरा एलईडी तरी मुळात पांढरा कुठे असतो? निळा दिवा आणि वर पिवळं लेपन. त्या लेपनात उन्नीस-बीस झालं, चौकट कुठे आवळली गेली, की स्क्रीनच्या दोन टोकांचे दोन स्वभाव. एवढ्या गोष्टी जमून बऱ्यापैकी सारखा पांढरा दिसतो याचंच मला आता नवल वाटतं.

पिक्चर ट्यूबचा मॉनिटर निदान उघडपणे बिघडायचा. शेजारी स्पीकर ठेवला की लोहचुंबकामुळे कोपरा जांभळा. टेबलाची दिशा बदलली तर पृथ्वीच्या चुंबकत्वानेही रंग हलायचे. मग डिगॉसचं बटण दाबायचं. ठण्ण आवाज, पडदा पाण्यासारखा हलायचा आणि पुन्हा शहाणा व्हायचा. त्या बटणाचा आवाज आमच्या पिढीला अजून आठवतो.

रंगकामासाठीचे महागडे मॉनिटर आता कारखान्यातच जागोजाग मोजून येतात आणि उजळ भाग दाबून बाकीच्यांशी जुळवतात. म्हणजे वर्गातल्या सगळ्यांना सर्वात बुटक्याच्या उंचीला आणणं. उजेड घटतो, काळा जरा फिका पडतो. मी तरीही तसाच घेतला, आणि तरीही मध्यभागीच काम करतो. शंका आली की त्या भागाचा तुकडा मध्यावर ओढून आणतो.

तपासायचे उपाय फुकटचे आहेत. स्क्रीन राखाडी रंगाने भरायची आणि डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. झाक डोक्याबरोबर सरकली तर तो बघण्याच्या कोनाचा खेळ, जागेवर राहिली तर पॅनेलची. अंगातल्या लाल शर्टाची झाक स्क्रीनवर पडत नाही ना, तेही बघावं. आमच्याकडे भगव्या टी-शर्टातला एक मुलगा आठवडाभर त्वचेचे रंग निळे करत होता. दुसरा उपाय त्याहून सोपा. चित्र आडवं फ्लिप करायचं. झाक डावीकडेच राहिली तर स्क्रीनची, चित्राबरोबर उजवीकडे गेली तर चित्राची. त्या रात्री मला हे दोन सेकंदांचं काम सुचलं असतं तर!

गेल्या वर्षी लग्नाच्या फोटोंच्या पुस्तकावर माझी सहकारी बसली होती. चुन्याच्या भिंतीशी टेकलेली नवरी, सकाळचं ऊन.

"सर, डावीकडे भिंतीवर गुलाबी येतोय."

"स्क्रीनचा असेल, सोड," मी खुर्चीतून न उठता म्हणालो. दुधाने पोळल्यावर ताकही फुंकून पितात ना, तशी गत.

तिने फ्लिप केलं. गुलाबी नवरीबरोबर उजवीकडे गेला. मी उठून जवळ गेलो. राणी रंगाचा शालू, त्यावर तिरकं ऊन, आणि शालूचा रंग हातभर भिंतीवर सांडलेला. भिंतीपासून शालू जसजसा लांब, तसतसा तो फिका होत गेलेला.

"काढू?" तिने विचारलं.

"नको. फक्त फ्लिप परत कर. नथ उजव्या नाकपुडीत छापली गेली तर नवरीची आजी मला सोडणार नाही."