हप्त्याआधीचा हिशेब

संत्र्याचा बहार विकला की पांढुर्ण्यात घरी पैसा येतो; मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र ठरल्या वारी दारात. या तफावतीत अडकलेल्या बाया सौंसरहूनही माझ्याकडे सल्ल्याला येतात, पिशवीत तीन-चार कंपन्यांची कार्डं घेऊन. मी आधी कर्जाचं बोलत नाही. घरात किती येतं, कधी येतं, एवढंच लिहून घेते. मग रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम सांगते: वर्षाला तीन लाखांपर्यंत कमाई असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. कर्ज देताना हे त्यांना कुणीच समजावलेलं नसतं. फार चीड येते. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, हेही सांगितलेलं नसतं.

अशा वेळी म्हसवडच्या चेतना सिन्हा आठवतात. सभासद बायका निरक्षर म्हणून बायकांची बँक काढायचा त्यांचा पहिला अर्ज नाकारला गेला, तेव्हा त्याच बायकांनी तोंडी व्याज काढून दाखवायची तयारी दाखवली. १९९७मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली.

आमच्या बायाही व्याज तोंडीच काढतात. पोळा जवळ आलाय, उसनवारी वाढेल. सौंसरला आठवड्यातून आणखी एक दिवस बसायचं ठरवलंय.