थडग्यांतलीं गाणीं

जुन्याचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींत आमची गणना होतेच. अडीच तपें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविल्यावर दुसरें कांहीं होणें कठीण. परंतु जुन्याचा मान राखावयाचा म्हणजे नेमकें काय करावयाचें, हा प्रश्न अलीकडे आमच्यापुढें उभा राहिला तो चिरंजीवांनीं घरांत लावलेल्या, अवघ्या पांच गाण्यांच्या एका तबकडीमुळें.

‘द क्रॅम्प्स’ या अमेरिकन संचाची ही तबकडी १९७९ सालीं निघाली. नांव ‘ग्रेव्हेस्ट हिट्स’. लोकप्रिय गाण्यांच्या संग्रहास तिकडे ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणण्याची वहिवाट आहे. त्यांतील एक शब्द बदलून ‘अति गंभीर’ आणि ‘थडगें’ असे दोन अर्थ एकदम साधले आहेत. आमच्या मोरोपंतभक्त मित्रांस हा श्लेष आवडावा.

थडगें कोणाचें, हें सांगितलें पाहिजे. १९५४ च्या सुमारास मेम्फिस शहरांत गोऱ्या खेडुतांचें गाणें आणि कृष्णवर्णीयांचें ब्लूज् यांच्या संयोगांतून रॉकाबिली नांवाचा एक उसळता प्रकार पुढें आला. दहा वर्षांच्या आंत लोकांची हौस फिटली आणि त्याच्या असंख्य तबकड्या भंगारांत गेल्या. लक्स इंटीरियर आणि पॉयझन आयव्ही हें जोडपें (नांवें अर्थातच घेतलेलीं) अशा टाकून दिलेल्या तबकड्या वेडानें जमवीत असे. १९७६ सालीं न्यू यॉर्कमध्यें त्यांनीं आपला संच उभा केला आणि पुढच्याच वर्षीं मेम्फिसला जाऊन ॲलेक्स चिल्टन यांच्या देखरेखीखालीं हीं गाणीं मुद्रित केलीं. पांचांपैकीं चार दुसऱ्यांचीं: जॅक स्कॉट, रॉय ऑर्बिसन, ट्रॅशमेन आणि रिकी नेल्सन यांचीं.

या प्रकारास ‘सायकोबिली’ म्हणतात. हा शब्द जॉनी कॅशच्या १९७६ च्या एका विनोदी गाण्यांतला. त्यांत मोटारीच्या कारखान्यांतील एक कामगार वर्षानुवर्षें एकेक सुटा भाग घरीं लांबवितो आणि शेवटीं त्यांतून गाडी जुळवितो. भागांचीं सालें एकमेकांशीं जुळत नाहींत, पण गाडी चालते! क्रॅम्प्सनीं तो शब्द उचलून आपल्या जाहिरातींवर छापला, हें योग्यच झालें.

ऐकतांना सभ्य कानांस प्रथम धक्का बसतो. दोन गिटारी आणि ड्रम. खर्ज सांभाळणारें बेस वाद्यच नाहीं. ‘ह्यूमन फ्लाय’मध्यें लक्स माणूस-माशी होऊन गुणगुणतो, पुढें उचक्या देतो, गुरगुरतो. जून १९७८ मध्यें ही मंडळी कॅलिफोर्नियांतील नापा येथील मनोरुग्णालयांत जाऊन गायली, तेव्हां रोगी त्यांच्यांत मिसळून नाचले. परंतु तबकडीच्या शेवटीं रिकी नेल्सनचें ‘लोन्सम टाउन’ लागतें आणि थट्टा थांबते. एकाकी माणसांच्या गांवाचें तें १९५८ चें गाणें हा सोंगाड्या संथपणें, जवळजवळ भक्तीनें म्हणतो. ज्याला तें थडगें प्रिय नाहीं, त्याला असें गातां यावयाचें नाहीं.

आम्ही प्राध्यापक जुन्याला कांचेच्या कपाटांत ठेवतों: पाठभेद, तळटीपा, शताब्दीचें भाषण. हें काम हवेंच. तें नसतें तर कितीतरी ग्रंथ वाळवीनें फस्त केले असते. पण मागच्या बाकांवरील डोळे जड होऊं लागले कीं एक शंका आंत टोंचते: आम्ही ज्याची राखण करतों तें अजून श्वास घेत आहे ना? क्रॅम्प्सनीं जुन्या गाण्यांचीं तोंडें रंगविलीं आणि त्यांना रस्त्यावर आणून नाचविलें. मूळ गाणीं शोधून ऐकण्याची इच्छा चिरंजीवांस झाली ती त्यामुळेंच.

लक्स २००९ सालीं वारला आणि संच मिटला. २०२२ मध्यें ‘वेन्सडे’ नांवाच्या चित्रमालिकेंत त्यांचें १९८१ चें एक गाणें वाजलें. तेंही मूळचें १९६२ चें, यांनीं उकरून काढलेलें. लक्सच्या मृत्यूनंतर अक्षरें गिरवूं लागलेलीं मुलें तें आतां शोधून ऐकूं लागलीं. कोणती शताब्दी-समिती त्यासाठीं नेमावी लागली नाहीं.

उद्यां वर्गांत आम्ही तळटीपा सोडणार नाहीं. पण आधीं कविता मोठ्यानें म्हणणार आहोंत, मग आमचा आवाज कसाही लागो.