सुट्या भागांच्या शोधांत

छंद दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारांत मनुष्य पुष्कळ वस्तु जमवितो आणि त्यांतील प्रत्येक वस्तु आपल्यापुरती पूर्ण असते. पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, अडकित्ते यांचे छंद या वर्गांत येतात. दुसऱ्या प्रकारांत त्याच्यापाशीं वस्तु एकच असते, तीहि अपुरी. आणि तिचें जें हरवलें आहे तें हुडकण्यांत त्याचीं वर्षेंच्या वर्षें जातात. पोथीचीं गळालेलीं पानें शोधणारा संशोधक आणि मोडक्या जीपचे सुटे भाग शोधणारे आम्ही, दोघेहि या दुसऱ्या वर्गांतले. पहिला छंद कपाटांत मावतो. दुसरा अंगणांत उभा राहतो, तेल गाळतो आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास "ही चालणार केव्हां?" असें विचारण्याची संधि देतो.

आमची जीप सैन्यांतून निवृत्त झालेली आहे. निवृत्तीनंतर तिच्या वांट्यास जें आलें तेंच पुष्कळ पेन्शनरांच्या वांट्यास येतें, म्हणजे मिळेल तें काम. कऱ्हाडकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारीं ती आम्हांस आढळली तेव्हां तिच्यावर महिंद्र जीपचें बोनेट होतें, बोनेटखालीं ट्रॅक्टरचें डिझेल इंजिन होतें आणि मागें एस्. टी.च्या गाडीचें बांकडें जोडलेलें होतें. निळ्या रंगाचे पोपडे निघाले होते. त्याखालीं पांढरा रंग, त्याखालीं हिरवा आणि अगदीं तळाशीं लष्करी गाड्यांचा तो मळकट ऑलिव्ह रंग होता. मालकाच्या मतें ती साधी महिंद्रच. परंतु रॉकेलच्या बोळ्यानें पुसतां पुसतां एका बोल्टच्या माथ्यावर इंग्रजी 'एफ्' हें अक्षर दिसूं लागलें आणि आमचा व्यवहार त्याच दिवशीं ठरला.

त्या एका अक्षराचा इतिहास येथें सांगितला पाहिजे. १९४० च्या जुलैंत अमेरिकेच्या सैन्यानें चारी चाकांना जोर पोंचविणाऱ्या एका हलक्या गाडीसाठीं १३५ कारखान्यांकडून निविदा मागविल्या आणि नमुन्याची पहिली गाडी ४९ दिवसांत हजर करण्याची अट घातली. पेन्सिल्व्हेनियांतील बटलर या गांवच्या बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें ती अट पाळली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानें आंखलेली तिची गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजीं होलाबर्डच्या छावणींत येऊन उभी राहिली. पुढें मात्र मुख्य मक्ता विलिस-ओव्हरलँड कंपनीकडे गेला. तिचें साठ अश्वशक्तीचें इंजिन इतरांहून जोरकस होतें. एकट्या विलिसच्या उत्पादनानें सैन्याची भूक भागेना, तेव्हां १९४१ च्या अखेरीस विलिसच्याच आराखड्यांवरून गाड्या बांधण्याचें काम फोर्डला देण्यांत आलें. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. एकीचा भाग दुसरीला बसावा अशीच सैन्याची योजना होती. फोर्डनें मात्र आपण बनविलेल्या भागांवर, बोल्टच्या माथ्यावर देखील, आपलें आद्याक्षर उमटविलें. चासीचा पुढचा आडवा दांडाहि ओळखतां येतो: विलिसच्या गाडींत तो नळीसारखा गोल, तर फोर्डच्या गाडींत उपड्या पन्हळीसारखा.

कोणताहि सुटा भाग कोणत्याहि नगास बसावा, ही कल्पनाच मुळीं शस्त्रांच्या कारखान्यांत वाढलेली आहे. १७८५ सालीं फ्रान्समध्यें होनोरे ब्लां या कारागिराकडे टॉमस जेफर्सन यांनीं बंदुकीच्या चापाचे भाग ढिगांतून हातीं येतील तसे उचलून जुळवून पाहिले. ते चपखल बसले आणि ही नवलाची हकीकत त्यांनीं स्वदेशीं लिहून कळविली. रणांगणावर मोडलेल्या दोन जीपांतून एक चालती जीप उभी करतां यावी, हा त्याच कल्पनेचा विस्तार. आमच्यासारख्यांचा मोह येथूनच उत्पन्न होतो. जी वस्तु जोडण्यास सोपी असते ती तोडण्यासहि सोपीच असते.

आमच्याकडे या गाड्या आल्या त्या ब्रह्मदेशच्या आघाडीमुळें. १९४४ मध्यें उत्तर ब्रह्मदेशांत कांहीं जीपांना आगगाडीचीं चाकें चढवून त्यांच्याकडून रुळांवरून डबे ओढविले गेले, यावरून त्यांच्या चिवटपणाची कल्पना येईल. युद्ध संपल्यावर त्या 'डिस्पोजल'च्या लिलावांत निघाल्या आणि मळेवाले, कंत्राटदार, शेतकरी यांच्या घरीं नांदूं लागल्या. पुढें महिंद्र कंपनीनें मुंबईंत प्रथम जीपा जोडण्यास व मग बनविण्यास आरंभ केला. नवीचा वंश तोच असल्यामुळें तिचे पुष्कळ भाग जुनीला बसत. जुनीचें जें जें झिजलें त्या त्या जागीं नवीचें आलें, आणि नवीचेंहि मिळेना तेथें गांवच्या मिस्त्रीच्या अकलेचें आलें.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. प्रांतोप्रांतींच्या पोथ्या समोर ठेवून कोणता पाठ जुना आणि कोणता प्रक्षिप्त, याचा निवाडा त्या पंडितांनीं केला. लहान तोंडीं मोठा घांस घ्यावयाचा तर आमचें कामहि त्याच जातीचें आहे. महिंद्रचें बोनेट हा उघड प्रक्षेप. एस्. टी.चें बांकडें हा स्थानिक पाठभेद. ट्रॅक्टरचें इंजिन म्हणजे कोणी तरी मागाहून घुसडलेलें अख्खें उपपर्व. अमेरिकन सैन्याचें १९४४ सालचें 'टी. एम्. ९-८०३' हें पुस्तक आमची आधारपोथी. त्यांतील आकृत्या पाहून मूळ कोणतें तें ठरवावयाचें.

मूळ कोणतें तें कळल्यावर तें मिळावयास हवें. पुण्याचा जुना बाजार बुधवारीं व रविवारीं भरतो. तेथील आमची हजेरी आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या हजेरीहून चांगली आहे. मुंबईस कुर्ला आणि चोरबाजार, दिल्लीस मायापुरी, कलकत्त्यास मलिक बझार, बंगालमध्येंच पानागड, अशीं ही क्षेत्रें आहेत. तेथें भागाचें पुस्तकी नांव सांगून उपयोग होत नाहीं. मोडका भाग फडक्यांत गुंडाळून पिशवींत न्यावा आणि दुकानदारापुढें उघडून ठेवावा. मग तो भाग हातांत घेऊन बोटानें चांचपतो, क्षणभर आढ्याकडे पाहतो आणि पोराला माळ्यावर चढवितो. पुष्कळ दुकानांचा सारा हिशेब एखाद्या वृद्ध माणसाच्या स्मरणांतच असतो. तो माणूस गेला कीं माल तेथेंच असूनहि हरवतो, मग तो वजनावर जातो.

मिळालेला भाग बसतो, पण जुळतोच असें नाहीं. अमेरिकन बोल्टचे आंटे इंचाच्या मापाचे. इंग्रजी गाड्यांचे जुने आंटेहि इंचाचेच, पण निराळ्या धर्तीचे. आणि १९५६ च्या कायद्यानंतर आपला देश मेट्रिक मापाकडे वळला. एकाच डब्यांत हे तिन्ही पंथ एकत्र नांदत असतात. पहिला एक फेरा सारेच गोडीनें घेतात. पुढें कोणाचे आंटे कोण खातो तें पाहावयाचें. शिवाय या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आंटे असतात, म्हणजे नट ढिला करावयाचा तर तो आपण एरवीं आंवळतों तसा फिरवावा लागतो. हें न कळल्यामुळें पूर्वीच्या जोरकस हातांनीं आमच्या एका चाकाच्या पांच बोल्टांपैकीं तीन मोडून ठेविले होते.

मागणी आहे म्हटल्यावर बनावटहि आलीच. एका व्यापाऱ्यानें आम्हांस 'एफ्' अक्षराचे चाळीस बोल्ट मोठ्या प्रेमानें दाखविले. आमच्या जीपच्या बोल्टांवरील अक्षर उठावाचें होतें. त्याच्या बोल्टांवरील अक्षर पंचानें ठोकून खोल गेलेलें होतें, आणि खांचेंतील लोखंड अजून चकाकत होतें. आम्हीं त्याचे आभार मानले व चहा घेऊन निघालों.

इंजिनाचा शोध सर्वांत लांबला. फोर्डच्या जीपच्या इंजिनावर 'जीपीडब्ल्यू' हीं अक्षरें व त्यापुढें अंक ठोकलेला असतो. गाडी कारखान्यांतून निघाली तेव्हां इंजिनावरचा आणि चासीवरचा अंक एकच असे. आमच्या चासीचें सख्खें इंजिन भेटेल ही आशा आम्हीं कधींच धरली नाहीं. त्या तीन अक्षरांचें कोणतेंहि इंजिन आम्हांस गोड होतें. दोन वर्षांनीं तसें एक सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असल्याची वार्ता आली आणि आम्ही गेलों. इंजिन होतें, पण तें एका जीपमध्यें होतें, आणि ती जीप चालत होती. काजूचीं पोतीं आणि चिरे वाहून वाहून तिचा पत्रा वाकला होता. मालकाच्या वृद्ध वडिलांनीं पुढें होऊन हँडल मारलें. दुसऱ्याच फेऱ्यास इंजिन लागलें. मुलगा व्यवहारी होता. "पेट्रोल परवडत नाय, सर. तुम्ही इंजिन न्या, मी डिझेल बसवतंय," असें म्हणून त्यानें किंमतहि सांगितली. ती आमच्या आवांक्यांतली होती. म्हातारबुवा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं हँडल पुसून आसनाखालीं ठेवून दिलें.

पोथ्यांशीं आम्हीं केलेली तुलना कोठें तुटते तें त्या अंगणांत दिसलें. चिकित्सक आवृत्ति करणारा पंडित पाठ उतरून घेतो आणि पोथी धन्यास परत करतो. त्या पोथीचें एक पानहि कमी होत नाहीं. सुटा भाग उतरून घेतां येत नाहीं, तो उचलावा लागतो. आम्ही इंजिन घेऊन गेलों असतों तर मागें काय उरलें असतें? बोनेटखालीं परकें डिझेल इंजिन असलेली एक जीप. म्हणजे कऱ्हाडच्या गोठ्याशेजारीं आम्हांस सांपडली होती तीच. जगांतील अपुऱ्या जीपांची संख्या तेवढीच राहिली असती; अपुरेपणा फक्त आमच्या दारांतून त्यांच्या दारांत गेला असता. कोणी म्हणेल, विकणारा राजी होता, आणि तुम्ही न घ्याल तर दुसरा कोणी घेईल. पहिलें खरें आहे, दुसरेंहि खरें ठरूं शकेल. पण दुसऱ्यानें घेतलें तर तें त्याच्या हातून होईल. जुन्या वस्तूचें रक्षण करतों म्हणून निघालेल्यानें चालत्या जुन्या वस्तूचे तुकडे करावे, हें आम्हांस पटेना.

पेट्रोल परवडत नव्हतें हेंहि मात्र खोटें नव्हतें. त्या जीपचा कार्ब्युरेटर झिजून पेट्रोल पीत होता आणि आमच्यापाशीं एक चांगला जास्तीचा पडून होता. तो आम्हीं पुढच्या खेपेस नेऊन बसवून दिला. त्याच्या बदल्यांत दोन दिवस ते इंजिन मोजण्याची परवानगी घेतली. व्हर्निअर, वही आणि पेन्सिल घेऊन आम्हीं त्याचा पाठ उतरून घेतला.

त्यानंतर मिरजेच्या एका गॅरेजमागें 'जीपीडब्ल्यू'चा एक रिकामा ब्लॉक सांपडला. पाण्याच्या कोठीस वीतभर तडा गेल्यामुळें त्यावर पाने आपटण्यापलीकडे त्याचा कोणास उपयोग नव्हता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरांत ओतकाम आणि इंजिनकाम पिढीजात चालतें. तेथील मिस्त्रींनीं तड्याच्या रेषेवर ओळीनें भोकें पाडलीं, त्यांत आंट्यांच्या खिळ्या एकींत एक अडकवून बसविल्या आणि आंच न देतां तडा शिवून टाकला. पाण्याच्या पंपाचें घर त्यांनीं आमच्या मोजमापांवरून ओतलें. पत्र्याचे भाग फिलिपाइन्समधून आले. युद्धानंतर सैन्यानें मागें टाकलेल्या जीपांपासून मनिलाच्या लोकांनीं आपल्या जीपनी गाड्या बनविल्या. त्यामुळें जीपचा पत्रा घडविण्याची विद्या तेथें जिवंत राहिली. जेथें एखादी वस्तु वापरांत राहते तेथेंच तिची विद्याहि राहते, हें आम्हांस या शोधांत पुनःपुन्हां दिसलें आहे.

ओतकाम संपल्यावर मिस्त्रींनीं विचारलें, "सर, यावर 'एफ्' उठवूं का? कोणाला कळणार नाहीं." आम्हीं त्यांना त्यांचें स्वतःचें अक्षर उठवावयास सांगितलें. ते प्रथम संकोचले, मग त्यांनीं मराठी अक्षर काढलें. गेल्या दिवाळींत इंजिन लागलें. स्पीडोमीटर अजून मिळावयाचा आहे, आणि सहा व्होल्टचे दिवे मिळतात तितक्याच वेगानें जातात. जीपच्या पुढच्या कप्प्यांत एक वही ठेविली आहे. मूळचें काय, दुसऱ्या जीपचें काय, नवें कोणीं केलें व केव्हां, हें त्यांत लिहिलें आहे; पुढें ही जीप ज्याच्या हातीं जाईल त्याला प्रक्षेप शोधीत बसावें लागूं नये. त्याच वहींत शेवटीं एक वेगळी यादी आहे. जे भाग आम्हीं पाहिले, मोजले आणि ज्या गाडींत ते काम करीत होते त्या गाडींतच राहूं दिले, त्यांची.