नेम गालात असतो हो, गालात!

ऐका, ऐका! हातातलं काम ठेवा बाजूला! नेम कुठे असतो, सांगा बघू? डोळ्यात? हातात? अहो, गालात असतो! आणि खांद्यात! आणि मानेत! मला हे कुणी आजवर सांगितलंच नव्हतं!

आधीच कबूल करतो, मी नेमबाज नाही. जत्रेत फुगे फोडायला मी उभा राहिलो की फुगेवाला खूश होतो, एवढीच माझी ख्याती. पण सिरसाळ्याला ताईकडे आलो, आणि भाच्याकडे निघाली छऱ्याची बंदूक, लाकडी दस्त्याची साधी एअर रायफल, आणि मग तो मला मागच्या पत्र्याच्या शेडात घेऊन गेला, तिथं 10 मीटर मोजून लावलेला कागद, कागदामागे वाळूची पोती, आणि मग त्यानं बंदूक खांद्याला लावली आणि मला दिसलं की पोराचा गाल दस्त्याला टेकतच नाहीये! अधांतरी! पोरगं वर्षभरात ताडमाड वाढलं आणि दस्ता होता तेवढाच राहिला!

आता या, वाकून बघा माझ्याबरोबर. गाल टेकवला की डोळा साइटच्या खाली जातो. डोळा साइटसमोर आणला की गाल उचलावा लागतो. गाल उचलला की डोकं नुसतं मानेवर तोललेलं, मान थकते, डोकं हलतं, डोळा हलतो! आणि हे हलणं किती महाग पडतं बघा! मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये 40 सेंटीमीटर अंतर धरा. दोघींची ओळ 1 मिलिमीटर चुकली, फक्त 1, तर 10 मीटरवर छरा 25 मिलिमीटर लांब जातो! आणि स्पर्धेतल्या 10 मीटरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका केवढा? अर्धा मिलिमीटर! खसखशीच्या दाण्याहून बारीक! मी तो बघायला चष्मा पुसला!

आणि मग मला राहवेना. स्वप्नील कुसाळे आठवला! कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा! 1 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिम्पिक, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन, कांस्यपदक, 451.4 गुण! मी मोबाइलवर ती फायनल पुन्हा लावली, आणि या वेळी माणसाकडे नाही, दस्त्याकडे बघितलं. पदकाच्या दिवशी दस्ता कोण बघतो हो! आधी गुडघ्यावर बसून गोळ्या, मग पालथं पडून, मग उभं राहून, आणि दर दोन प्रकारांच्या मध्ये हे लोक रायफल घेऊन खुटुखुटु काहीतरी करत असतात! मागची बट प्लेट वरखाली, गालाची पट्टी वरखाली! कारण पालथं पडल्यावर मान वेगळी, उभं राहिल्यावर मान वेगळी, मग दस्ता एकच कसा चालेल? गुडघ्यावर बसून झालं तेव्हा कुसाळे सहावा, पालथं पडून झालं तेव्हा पाचवा, आणि उभं राहून तिसरा! जगातले सगळ्यात पक्के नेमबाज, आणि तेसुद्धा बंदुकीला म्हणतात, तू माझ्या मापाची हो!

दाजींनी मात्र नेमका प्रश्न टाकला. जुन्या शिकारी रायफलचा दस्ता लोक बदलतात, त्यानं बंदूक खरंच सुधारते का? शिकारीचं युग आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संपवलं, पण प्रश्न भारी आहे! ऐका. जुने दस्ते नळीवरच्या बुटक्या लोखंडी साइटच्या हिशेबानं घडवलेले, म्हणून गालाची जागा खाली. पुढे वर दुर्बीण बसवली, डोळा वर गेला, आणि गाल पुन्हा अधांतरी! थेट भाच्याचाच आजार! आणि दाजी, बंदूक नाही सुधारत! नळी तीच, गोळी तीच. सुधारतो तो माणूस, कारण त्याचं डोकं दर वेळी त्याच जागी येतं. पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला टेकतं आणि गोळी सरकते, तो रोग निराळा, त्याला गालाखाली काहीही ठेवून उपयोग नाही!

आणि मग आम्ही सुरूच झालो! बंदूक रिकामी, दोनदा बघून रिकामी, तोंड पोत्यांकडे. जुन्या योगा मॅटचा तुकडा दस्त्यावर ठेवला, वरून चिकटपट्टी. भाच्याला म्हटलं, डोळे मिट, बंदूक लाव, गाल आरामात टेकव, आता उघड डोळे! साइट समोर आली का? नाही? अजून एक थर! आता? आली!! ताई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘काय करायलात रे तिकडं?’ पण उत्तर द्यायला वेळ कुणाला!

आणि मग कागद! अहो, आधी कागदभर उधळलेली भोकं एका जागी गोळा झाली! मधोमध नाही हं, डावीकडे खाली! मी हिरमुसलो, भाचा मात्र नाचायला लागला. ‘मामा, एका जागी आली ना? मग झालं!’ आणि त्यानं साइटचा स्क्रू फिरवला आणि अख्खा घोळका मध्ये सरकला! आधी घोळका, मग मध्य! केवढं साधं! उधळलेल्या भोकांना कुठला स्क्रू आवरणार?

तर दस्ता बदलावा का? बदलावा! पण आधी स्पंज आणि चिकटपट्टी, जे उद्या काढून टाकता येईल. लांबी कमी पडत असेल तर मागे प्लायवूडची चकती, बंदूक खांद्याला लावून, आरशात मान सरळ आहे का बघून. परवान्याच्या बंदुकीला तर घरी हातच लावू नका, ते काम परवाना असलेल्या कारागिराचं. आणि लाकूड कापायचं? छे! कापलेलं परत येत नाही, आणि पोरगं अजून वाढतंय! दाजींना मी सांगून ठेवलंय, करवत कुलपात ठेवा, मला सध्या काहीही सुचू शकतं!